चेंबरात टाकलेलं निर्माल्य

बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या. मी चौथी शिकलेला, स्टेशनवर पार्सलं उचलण्यात जन्म गेला. झालं ते सरळ लिहितो.

देवावरची वाळलेली फुलं बायको कधी कचऱ्यात टाकायची नाही. पिशवी भरली की पायऱ्या उतरून गंगेत सोडायची. तिचे गुडघे गेले तशी पिशवी माझ्या हातात आली. चार दिवस गेलो घाटावर. मग अंगणातल्या सीवरच्या चेंबरचं झाकण उचललं आणि पिशवी तिथंच उलटी केली. सीवर तरी कुठं जातं? गंगेतच. वर्षभर हेच चाललं. ती विचारायची, "सोडलंत ना हो गंगेत?" मी म्हणायचो, "सोडलं."

श्रावणात घाण उलटी वर आली. संडासातून, न्हाणीतून, पार चुलीपाशी. मी शेजारच्या दूधवाल्याच्या दारात जाऊन ओरडलो, "तेरी भैंस का गोबर है ये!"

"पंडितजी, मेरा गोबर तो उपले में जाता है. अपना देखिए." त्यानं भिंतीवर थापलेल्या गोवऱ्यांकडे बोट केलं.

महापालिकेच्या दफ्तरात गेलो. बाबू म्हणाला, गल्लीतली लाइन आमची, घरापासून गल्लीपर्यंतची तुमची. त्यालाही शिव्या घातल्या. चार दिवस मी भांडत हिंडलो, आणि चार दिवस ती तसल्या गुडघ्यांनी घमेल्यानं घाण उपसत होती.

शेवटी सफाईवाला आणला. त्यानं बांबूची लांब कामटी घालून ओढलं. हारांचे दोरे, दूर्वा, देवाची कापसाची वस्त्रं, सगळ्याचा काळा गोळा निघाला. दूधवाला बघत होता, गल्ली बघत होती. बायकोनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती म्हणाली, "हम ही डालते थे, भैया. गलती हमारी है."

घरात आल्यावर मी म्हणालो, "अगं, तू कशाला?"

"मग काय, तुम्ही बोलणार होतात?"

आठवड्यात तिला ताप चढला, डोळे पिवळे झाले. डॉक्टरनं विचारलं, घाण पाण्यात हात घातले होते का. मी होय म्हणून मान हलवली. पंधराव्या दिवशी ती गेली. दूधवाल्यानं खांदा दिला.

गल्लीतल्या बायका अजून सुनांना सांगतात, मोरीत फुलं टाकू नका, त्या मराठिननं टाकली होती. मी ओट्यावर बसून ऐकतो.

आज दूधवाल्याला खरं सांगायचंच म्हणून दार उघडलं. त्यानं पावशेर दूध ओतलं, विचारलं, "तबीयत ठीक है, पंडितजी?"

ठीक आहे म्हणालो आणि भांडं आत आणलं.