दोन गोळ्या, एकाच दुपारी

कॅनडातल्या वॉटर्लूत आम्ही दोघंही सॉफ्टवेअरमध्ये होतो. तिसऱ्या हिवाळ्यात माझी अर्धशिशी इतकी वाढली की मॉनिटरकडे बघवेना. डॉक्टरांनी मायग्रेनची गोळी लिहून दिली: दुखायला लागताच एक, आठवड्यातून दोन दिवसांहून जास्त नाही. आणखी कुठली औषधं चालू आहेत का, असं त्यांनी मला विचारलं. उत्तर नवऱ्याने दिलं, काहीच नाही म्हणून. तो पुण्याहून येताना डोकेदुखीच्या गोळ्यांची पाकिटं आणायचा. त्या मी दोन वर्षं जवळजवळ रोज घेत होते. पण तिकडे दुकानात सहज मिळणारी गोळी त्याच्या लेखी औषधच नव्हतं. मीही गप्प बसले. त्याच्यासमोर मी तेव्हा गप्पच बसायचे.

एका शनिवारी त्याच्या मॅनेजरकडे जेवायला जायचं होतं. दुपारी डोकं उठलं. पुण्याची गोळी घेतली, फरक पडला नाही. तासाभराने नवऱ्याने पाण्याच्या ग्लासबरोबर डॉक्टरांची गोळी पुढे केली.

"घे आणि तयार हो. दर वेळी तुझ्यामुळे कॅन्सल करायचं का?"

मी घेतली. गाडीत छाती आवळल्यासारखी झाली. हीटर चालू असून बोटं गार पडली, बधिर झाली. तो म्हणाला, टेन्शन घेऊ नकोस. मी चालत्या गाडीचं दार उघडायला लागले, तेव्हा कुठे त्याने गाडी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीकडे वळवली.

तिथल्या फार्मासिस्ट बाईंनी माझ्या पर्समधली दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही गोळ्या रक्तवाहिन्या आवळतात, चोवीस तासांच्या आत दोन्ही घ्यायच्याच नाहीत, असं त्यांनी सांगितलं. शिवाय रोजच्या गोळ्यांमुळेच डोकं रोज दुखत असणार, हेही. मग त्यांनी विचारलं, "डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

नवरा मोबाइल बघत होता.

वेळेत पोचल्यामुळे हृदय वाचलं. पुण्याच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केल्या. पहिले दहा दिवस उठता येत नव्हतं. नवरा ऑफिसला जात राहिला. मी वहीत प्रत्येक दुखणं आणि प्रत्येक गोळी लिहीत गेले. तीन महिन्यांनी दुखण्याचे दिवस महिन्यातून चारावर आले.

पुढच्या अपॉइंटमेंटला मी एकटी, बसने गेले. मराठी मंडळींच्या पॉटलकला, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, नवरा मात्र सगळ्यांना सांगत होता की हिला इथली थंडी सोसत नाही. मी ताटात भात वाढून घेतला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले.