आरसेबाबाचा घास

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी आमच्या घरी चुलीतला विस्तव बाहेर काढतात, त्यावर तूप सोडतात, पुरणपोळीचे घास ठेवतात आणि प्रत्येक घासाला घरातल्या एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेतात. नाव घेतलं की घास पोचतो, अशी समजूत. आमच्याकडे सहा घास असत. पाच नावांचे आणि सहावा बिननावाचा. सहाव्याच्या वेळी मोठाई, म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको, नुसतं 'आरसेबाबा' म्हणायची आणि धुरातून माझ्याकडे अशी बघायची, की त्या माणसाचं खरं नाव मीच कुठंतरी लपवून ठेवलंय.

पाचवा घास माझ्या काकांचा. त्याची वेगळीच तऱ्हा. मोठाई तूप सोडायची आणि मला म्हणायची, "तू घे रे नाव, मले नाही घेता येत." नवऱ्याचं नाव बायकोनं तोंडानं घ्यायचं नाही, मग नवरा जिवंत असो की नसो. काका जाऊन किती वर्षं झाली, तरी ते नाव दर आखाजीला मीच घ्यायचो. यात मला कधी काही विशेष वाटलं नाही. वाटायला हवं होतं, ते पुढे येईलच.

आरसेबाबा म्हणजे माझे खापरपणजोबा. गोरा माणूस. इंग्रजांच्या काळात खामगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रं दुरुस्त करायचा. पिंपळगाव राजाजवळ आमचं गाव, तिथली एक बाई त्याच्याबरोबर राहिली, त्यांना एक मुलगा झाला आणि साहेब तापानं गेला. मुलगा मामाच्या घरी वाढला, मामाचंच आडनाव लावून. पुढची सगळी पिलावळ आम्ही. घारे डोळे सोडले तर साहेबाचं आमच्यात काही उरलं नाही. देव्हाऱ्याशेजारी एक तडकलेला हात-आरसा मात्र होता. दाढी करायला साहेब तो वापरायचा, म्हणून त्याला 'आरसेसाहेब' म्हणत, असं घरातले सगळे छातीठोकपणे सांगत. आरशाला दसऱ्याला हळदकुंकूही लागायचं.

"मी मरायच्या आंधी त्याचं खरं नाव मले आणून दे," मोठाईनं एका आखाजीला मला बजावलं. "तू मास्तर हायेस, कागदं वाचतोस. उपाशी ठेवला आपन त्याले."

गावात बीटी कापसाच्या बियाण्याची पाकिटं नुकतीच आली होती, तेव्हाची ही गोष्ट. मी मोताळ्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो आणि मला वाटलं, यात काय अवघड आहे? इंग्रज लोक कागदाला पक्के. दर दहा वर्षांनी जनगणना करणार, चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळं लिहून ठेवणार. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत काम होईल. किती शहाणा होतो मी!

जनगणनेचं म्हणाल तर ती मी स्वतः केलेली. मास्तरांच्या नशिबी ती असतेच. दारात उभं राहून मी विचारायचो, "कुटुंबप्रमुखाचं नाव?" आणि बाई पदर तोंडाला लावून हसायची, नाहीतर भिंतीकडे बघायची. मग शेजारीण यायची आणि त्या बाईच्या नवऱ्याचं नाव सांगायची. शेजारीण घरी नसली तर मला पुन्हा चक्कर. या एका कारणापायी माझ्या किती चकरा झाल्या असतील, देव जाणे. मी चिडायचो, लिहायचो आणि पुढच्या दाराला जायचो.

इथल्या जुन्या जनगणनेनं पहिली निराशा केली. तेव्हा माणसं मोजली, जाती मोजल्या, आंधळे-पांगळेसुद्धा मोजले. पण दारोदारचे नावांचे तक्ते कोणी जपून ठेवले नाहीत. आकड्यांची जाडजूड पुस्तकं तेवढी उरली. त्यात माझे खापरपणजोबा कुठल्यातरी बेरजेत एक म्हणून असतील. मग मी विलायतेतल्या जनगणनेकडे वळलो. बुलढाण्याच्या एका इंटरनेट कॅफेत रविवारी जाऊन बसायचो. शेजारी पोरं गेम खेळत आणि मी 'आरसे' हे आडनाव इंग्रजीत पाच-सहा तऱ्हांनी लिहून शोधायचो. इंग्रजांच्या चर्चच्या नोंदींचे गठ्ठे पाहिले. पत्रं लिहिली. उत्तरं आली नाहीत, आली तर तीन महिन्यांनी, आणि त्यात आणखी एक पत्ता असायचा.

चुलतभाऊ, मोठाईचा मुलगा, शेती बघायचा. त्याला माझ्या या नादाचा भयंकर राग. फवारणीच्या दिवसांत मी सुट्टीला गावी यायचो आणि वह्या पसरून बसायचो, म्हणजे राग येणारच. एकदा बियाण्याचं रिकामं पाकीट माझ्यापुढे टाकून तो म्हणाला, "पाह्य. याच्यावर नाव केवढं मोठं हाये. अंदरचं बी कोनाचं, ते देवाले ठाऊक. तुह्या साहेबाचं उलटं झालं. बी हाये, पाकीटच नाही."

मी हसलो नाही, कारण ते खरं होतं.

मग एक दिवस इंग्लंडमधल्या एका बाईंचं उत्तर आलं. निवृत्त बाई होत्या, लोकांचे पूर्वज शोधून द्यायची हौस होती. अतिशय सभ्य भाषेत त्यांनी कळवलं, की तुम्ही लिहिता ते आडनाव आमच्याकडे असणं कठीण आहे, कारण त्या शब्दाचा आमच्या बोलीत अर्थ शरीराची बसायची जागा असा होतो, आणि तोही चारचौघांत न उच्चारण्यासारखा. मला घाम फुटला. किती पाद्र्यांना, किती दफ्तरखान्यांना मी नम्रपणे विचारलं होतं, की आमचे पूज्य खापरपणजोबा श्रीयुत अमुक यांची काही माहिती मिळेल का! बाईंनी शेवटी एक ओळ लिहिली होती: तुमच्या लोकांना 'आयरिश' तर म्हणायचं नव्हतं ना?

आयरिश. आरिस. आरसे. मी कॅफेतल्या खुर्चीत बसून तो शब्द माझ्या खापरपणजीच्या तोंडानं म्हणून पाहिला आणि कपाळावर हात मारला. आरशाचा काही संबंधच नव्हता. गावी गेल्यावर तो देव्हाऱ्याशेजारचा आरसा उलटा करून पाहिला, तर मागे खामगावच्या कुठल्याशा दुकानाची चिठ्ठी, मराठीत. शब्दाला शोभावा म्हणून कुणीतरी बाजारातून आरसा आणून ठेवला होता आणि आम्ही तीन पिढ्या त्याला कुंकू लावत होतो. मला इतका संताप आला, की तो आरसा उकिरड्यावर फेकावासा वाटला. मोठाईनं तो माझ्या हातातून काढून घेतला, पदरानं पुसला आणि जागेवर ठेवला.

म्हणजे माझ्याजवळ नाव नव्हतंच. इतकी वर्षं मी एका माणसाच्या देशाला त्याचं आडनाव समजून शोधत होतो. त्यातून आयरिश म्हणजे बहुधा कॅथलिक, म्हणजे मी चर्चही चुकीचं धुंडाळलं. आणि आयर्लंडच्या जनगणनेचं विचाराल तर त्या काळचे कागद तिथल्या सरकारनं लगदा करून टाकलेले, त्याआधीचे आगीत गेलेले. हे वाचलं त्या दिवशी मी वही कपाटावर फेकली, ती दोन-तीन वर्षं तिथंच धूळ खात पडली.

ती खाली काढावी लागली बोंडअळीच्या वर्षी. बीटीला अळी लागत नाही असं ज्या दुकानदारानं सांगितलं होतं, तोच आता अळीचं औषध विकत होता. बोंडं वरून धडधाकट आणि फोडली की आत गुलाबी अळी. चुलतभाऊ फवारणी करता करता बांधावर चक्कर येऊन पडला, खामगावला दवाखान्यात दोन दिवस होता. बरा झाला. नुकसानीचा पंचनामा करायला आलेल्या माणसानं आमच्या वावरासमोर भलत्याच माणसाचं नाव लिहून नेलं, ते दुरुस्त करण्यात दिवाळी गेली. पण मोठाईच्या डोक्यात एकच. दवाखान्याच्या व्हरांड्यात माझा हात धरून ती म्हणाली, "तो उपाशी हाये म्हनून होऊन राह्यलं हे. माह्या पोराले काही झालं असतं तं? नाव आन रे बाप्पा. माहे किती दिवस उरले आता?"

तिला अळीचं शास्त्र समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. ऐंशीची बाई एक शब्द मागत होती आणि मी तिला तो इतक्या वर्षांत आणून दिला नव्हता. मला माझीच लाज वाटली.

त्या हिवाळ्यात कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्यावर मी विदर्भातल्या एका शहरातल्या जुन्या कॅथलिक चर्चमध्ये गेलो. एकदा नाही, चार वेळा. पहिल्यांदा फादर गावाला गेलेले. दुसऱ्यांदा किल्ली सापडेना. तिसऱ्यांदा बाप्तिस्म्याच्या नोंदींची वही मिळाली, पण सगळी लॅटिनमध्ये आणि तिथला तरुण फादर म्हणाला, मला एवढं येत नाही, म्हातारे फादर मंगळवारी येतात. चौथ्या खेपेला मंगळवार गाठला. म्हातारे फादर भिंग घेऊन दोन तास पानं उलटत होते. वाळवीनं खाल्लेल्या कडा, फिकट शाई. एका जागी त्यांचं बोट थांबलं.

आमचं गाव होतं. बाळ मुलगा. आईचं नाव स्पष्ट, आमच्या घरात सांगतात तेच. मी खुर्ची पुढं ओढली.

"आणि बाप?" मी विचारलं.

फादरांनी ओळ पुन्हा वाचली. मग चष्मा काढून म्हणाले, "बाप मयत. आयरिश. नाव, आईने विचारूनही सांगितले नाही."

"म्हणजे?"

"एवढंच आहे. बहुतेक तिला माहीत नसेल. अशा नोंदी असतात, वाईट वाटून घेऊ नका."

मला वाईट वाटलं नाही, मी जळफळलो. ज्या एका कागदावर ते नाव असायला हवं होतं, तोही कागद 'आरसे'च म्हणत होता. आणि ती बाई! काखेत पोर घेऊन बैलगाडीतून इतक्या लांब गेली, पाद्र्यापुढे उभी राहिली आणि एक नाव सांगता आलं नाही तिला? ज्याच्याबरोबर संसार केला, त्याचं नाव ठाऊक नव्हतं? परतीच्या एसटीत खामगाव येईपर्यंत मी माझ्या खापरपणजीशी मनातल्या मनात भांडत होतो.

मोठाईला मी काही महिने चुकवलं. एकदा तर वाटलं, एखादं आयरिश नाव सांगून मोकळं व्हावं, तिला कुठं कळणार आहे? पण आखाजी आली. विस्तव बाहेर काढला, तुपाची वाटी आली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं. आरसे म्हणजे त्याचा देश, नाव नव्हे. वहीत नाव नाही. आईला विचारलं होतं, तिनं सांगितलं नाही.

"फादर म्हणाले, तिला माहीतच नसेल," मी चिडूनच म्हणालो.

मोठाई माझ्याकडे बघत राहिली. मी वर्गातल्या मठ्ठ पोराकडे बघावं, तसं.

"माहीत काऊन नसन? नवरा व्हता तो तिचा. कशी घेईन ती नाव?"

चुलतभाऊ हातातलं ताट घेऊन दारात थांबला.

"पाद्र्यापुढं उभी व्हती, परक्या मान्सापुढं," मोठाई म्हणाली. "संगं शेजारीन नसन, नणंद नसन. कोन सांगन तिच्यासाठी? म्हनून मुकी राह्यली बिचारी. तुह्या फादरले काय समजते?"

मी, जनगणनेचा मास्तर! ज्यानं शेकडो दारांत हेच पाहिलं, शेजारणींसाठी चकरा मारल्या आणि पंधरा वर्षं दर आखाजीला काकीच्या वतीनं काकांचं नाव घेतलं. ते नाव कुठल्या आगीत जळालं नव्हतं, कुणी त्याचा लगदा केला नव्हता. ते एका बाईच्या तोंडात होतं आणि तिनं ते मानानं तोंडातच ठेवलं. आणि मी तिच्याशी एसटीत भांडलो होतो.

विस्तवावर राख धरायला लागली होती. चार घास झाले. पाचव्याला मोठाईनं तूप सोडलं. मी सवयीनं काकांचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तर तिनं हात वर करून मला थांबवलं.

तिचे ओठ दोनदा हलले, आवाज आला नाही. तिसऱ्यांदा आला. काकांचं नाव तिनं घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, शाळेतल्या हजेरीसारखं. लग्नाला साठाच्या वर वर्षं झाली होती. चुलतभावानं ताट खाली ठेवलं आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ते नाव मी सातबाऱ्यावर, मतदार यादीत, माझ्या स्वतःच्या जनगणनेच्या तक्त्यात शंभरदा वाचलं होतं. पण ते कुणाच्या नवऱ्याचं नाव आहे, हे मला त्या दिवशी ऐकू आलं.

मग तिनं सहावा घास ठेवला. "आरसेबाबा," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता त्याच्या शेजारी आणखी एक घास ठेवला, त्याच्या बायकोच्या नावानं. ते नाव तेवढं आमच्याजवळ होतं.