‘स्थानिक अडचणी: नाहीत’

“मॅडम, मी सही करत न्हाय,” आबा म्हणाले आणि माझं पेन माझ्याकडेच सरकवलं.

इंदापूरच्या हॉस्पिटलची मीटिंग. सकाळचे नऊ. मी मधुमेहाच्या एका अभ्यासाची कोऑर्डिनेटर. अभ्यास चार गावांत चालणार होता. पूर्वी प्रत्येक ठिकाणची एथिक्स कमिटी, म्हणजे पेशंटला धोका नाही ना हे बघणारी मंडळी, सगळी फाइल नव्यानं तपासायची. महिने जायचे. आता पुण्यातली एकच कमिटी सगळ्यांसाठी तपासते. स्थानिक कमिटीनं फक्त आपल्याकडच्या अडचणी बघायच्या. बारामतीनं आदल्या आठवड्यात दहा मिनिटांत होकार दिला. मी पेढेसुद्धा वाटले.

आबा इथल्या कमिटीतले बिगरडॉक्टर सदस्य. घरी ऊस आणि आठ म्हशी.

“आबा, पुण्यानं पास केलंय. मोठमोठे डॉक्टर आहेत तिथं.”

“आसतील की. म्हशी हायत का त्यांच्याकडं?”

सगळे हसले. मी जरा जास्तच.

“हितं पेशंटच्या फॉर्मात लिवलंय, गोळी नेहमीसारखी घ्या आन् दहाला रिकाम्या पोटी रक्त द्यायला या. आमी पाचला धारा काढून चहा-भाकरीबरोबर गोळी घेतो. तुमी भाकरी बंद केली, गोळी चालूच ठिवली. माणूस वाटंतच पडंल की!”

माझं हसू मावळलं. गोळी रक्तातली साखर खाली आणते. पोटात काही नसेल तर फारच खाली. आणि बारामतीचे पहिले पेशंट, पणदऱ्याचे तात्या, आजच दहाला येणार होते. मोटरसायकलवर.

मी फोन लावला. नुसती रिंग. पुन्हा लावला. पुन्हा रिंग.

“थांबा,” आबा म्हणाले. “माझी लेक पणदऱ्यातच दिलीया.” त्यांनी जावयाला फोन लावून तात्यांना गाठायला सांगितलं आणि स्पीकर चालू केला. पळणारी पावलं ऐकू आली, मग धाप.

“मामा, तात्या डेअरीच्या कट्ट्यावर हायत. गाडीला किल्ली लागंना त्यांच्याच्यानं. हात थरथरत्यात, घामानं भिजल्यात.”

“जावईबापू, आधी साखर चारा! आन् किल्ली काढून घ्या!”

खोलीत पाच डॉक्टर. सगळे आबांच्या फोनवर वाकलेले. दहा मिनिटांनी फोनमधून तात्या कडाडले, “पहाटंपास्नं उपाशी ऱ्हायलो, आन् साखर चारून समदं वाया घालवलं व्हय रं!”

इतकं गोड बोलणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

पुण्याच्या कमिटीनं चारही ठिकाणचा फॉर्म बदलला. आधी रक्त, मग खाणं, मग गोळी. आबांनी सही केली. माझ्याच पेनानं.

चार कमिट्यांचं काम एकाच कमिटीनं केलं की वेळ वाचतो, हे मी आजही सांगते. फक्त एक सांगायचं राहिलं. बारामतीच्या कागदावर ‘स्थानिक अडचणी’ या रकान्यात ‘नाहीत’ असं होतं. ते मीच आधी टाइप करून नेलं होतं.

आता तो रकाना मी कोरा नेते.