इंदुबाईंची धायरीतली येळवस

मार्गशीर्ष लागला की इंदुबाईंचं पुण्यात चित्त राहत नसे. हात धायरीतल्या खोलीत भाकऱ्या थापत, आणि जीव लातूरजवळच्या औशाच्या पुढल्या चार एकरांत, पोटऱ्यात आलेल्या ज्वारीतून हिंडत असे. पुण्यात येऊन चौदा वर्षं झाली, पण एकही येळवस त्यांनी चुकवली नव्हती. एका वर्षी ताप होता, तर तापासकट गेल्या. एका वर्षी एसटीचा संप होता, तर टोमॅटोच्या रिकाम्या टेम्पोत क्रेटवर बसून गेल्या. उतरल्या तेव्हा पाठीवर क्रेटची जाळी उमटली होती, असं स्वतःच सांगून त्या खो खो हसत.

येळवस म्हणजे वेळा अमावास्या. दिवस पार आखडलेला असतो, सूर्य दक्षिणेला कलून कसाबसा डोकं वर काढतो आणि चार वाजले की घरी जायच्या घाईला लागतो. दवावर वाढलेली ज्वारी कणीस पोटात धरून उभी असते. लातूरकडं अशा पोटुशा रानाचे डोहाळे पुरवायची रीत आहे. रानात कडब्याची खोप करायची, पाच दगड धुऊन चुन्यानं रंगवायचे, त्यांना पांडव म्हणायचं. शेजारी कुंती आणि द्रौपदी. मग ताकात आंबवलेली ज्वारीची आंबील मडक्यात घेऊन रानाला पाजत फिरायचं आणि येईल त्याला भाकरी नि ओल्या दाण्या-शेंगांची भज्जी जेवू घालायची. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, तेही रानात जेवायला गेलेलं असतं.

यंदा मात्र रानच राहिलं नव्हतं. म्हणजे होतं तिथंच होतं, पण नागोरावांनी आणि त्यांच्या भावांनी ते सोलरवाल्यांना सत्तावीस वर्षांच्या करारावर दिलं होतं. सही होताना इंदुबाईंनाही पटलं होतं. त्या कोरडवाहू तुकड्यात दरसाल पिकत तरी काय होतं? येळवशीचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही. तो आला कार्तिक सरता सरता, आणि आला तो इंदुबाईंच्या छातीवर धोंड ठेवूनच बसला.

"अवो, काचंच्या पाट्यांला आंबील पाजावी का आता?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

नागोराव चौदा मजली सोसायटीत वॉचमन. जन्मात वाद घातला नाही असा माणूस. ते म्हणाले, "यंदा घरीच खाऊ की भज्जी. देव काय हजेरी घ्यायलाय का?"

"देव नसंल घेत. मी घ्यायले ना," इंदुबाई म्हणाल्या आणि तवा असा आपटला की नागोराव ड्यूटीवर अर्धा तास आधीच गेले.

त्यांना भीती वेगळीच होती. एक येळवस सुटली की दुसरी सुटायला वेळ लागत नाही. मग आपण औशाच्याही नाही आणि धायरीच्याही नाही. नुसत्या सोसायटीच्या भाकरीवाल्या काकू. भाकरीवाल्या काकू असण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. रोजच्या साठ भाकऱ्या त्या एका दमात थापत, आणि भाकरी फुगली नाही तर ती गिऱ्हाइकाला न देता स्वतः खात. पण माणूस साठ भाकऱ्यांएवढाच असतो का?

नवव्या मजल्यावरची शेफाली रोज दोन भाकऱ्या न्यायला येई. कंपनीत काय काम करते हे तिनं तीनदा समजावूनही इंदुबाईंना कळलं नव्हतं, पण पोरगी गोड होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "काकू, टेरेसवर करूया ना! माझ्याकडे चार कुंड्या आहेत, सिरियसली."

"कोथिंबिरीचे डोहाळे पुरवू का माय?" इंदुबाई म्हणाल्या. पण त्या हसल्या, कितीतरी दिवसांनी.

तशी ज्वारी जवळच होती, हाकेच्या अंतरावर. सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून बारा गुंठे रान होतं. तिन्ही बाजूंनी इमारती, मधोमध हिरवीगार ज्वारी आणि कोपऱ्यात जुनी विहीर. बांधावर पत्र्याची पाटी: 'ही जमीन विकणे नाही. विचारणेही नाही.' रान तुळजाबाईंचं, आणि पाटीही त्यांचीच. धायरी गाव होतं तेव्हापासूनच्या या बाई, आता अठ्ठ्याहत्तरीच्या. त्यांच्या जिभेला सगळी धायरी वचकून असे. त्यांचा मुलगा हिंदुराव साठीकडं झुकलेला, पण आईसमोर अजून चप्पल काढून उभा राही.

अमावास्या चार दिवसांवर आली तेव्हा इंदुबाई मनाचा हिय्या करून त्यांच्या ओसरीवर गेल्या. सोबत ताटलीत झाकून दोन गरम भाकऱ्या. देवाकडं रिकाम्या हातानं जाऊ नये, आणि तुळजाबाईंकडं तर नाहीच नाही.

तुळजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. भाकरीचा पापुद्रा उचलून पाहिला. मग म्हणाल्या, "माझ्या रानात तुझं पांडव कशाला गं? आमच्या गावाला देव कमी पडलं का?"

"न्हाई मावशी. देव लई हायेत इथं. रान कमी पडायलंय."

तुळजाबाईंनी एक घास मोडला, खाल्ला, दुसरा मोडला. "कणीस मोडायचं न्हाय. कचरा टाकायचा न्हाय. आन विहिरीकडं फिरकायचं न्हाय. गुडघ्यांपायी दोन साल मलाच रानात उतरता आलं न्हाय, तवा तुमीबी आपल्या पायरीनं ऱ्हावा."

"व्हय मावशी."

"आन दुसरी भाकरी ठिऊन जा."

इंदुबाई परतल्या त्या जवळजवळ पळतच. पुढचे तीन दिवस खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. वाटाणा, तुरीचे दाणे, हरभऱ्याचे घाटे, पावट्याच्या शेंगा, कांद्याची पात. मंडईतून पिशव्या येत होत्या आणि शेफाली ऑफिसच्या कॉलवर बोलत बोलत तुरीच्या शेंगा सोलत होती. नागोरावांनी ओळखीच्या गोठ्यावरून कडब्याच्या पाच पेंढ्या स्कूटरवर आणल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ग्रुपवर लिहिलं, 'वॉचमन स्वतःच चारा घेऊन येत आहेत. कृपया खुलासा व्हावा.'

अमावास्येच्या सकाळी धुकं होतं. बांधाच्या मोकळ्या पट्टीत खोप उभी राहिली, वर इंदुबाईंची लग्नातली हिरवी साडी. राहिले पांडव. दगड शोधायला लांब जावं लागलं नाही. पंधरवड्यापूर्वी पाण्याची पाइपलाइन टाकायला जेसीबी आला होता, त्याचा राडारोडा बांधावरच ढीग होऊन पडला होता. विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, आणि त्यातच चिखलानं माखलेले काळे गुळगुळीत गोटे. एक सापडला, दुसरा सापडला, करता करता सात निघाले. सगळे वीतभर उंचीचे, जणू एका आईची लेकरं.

"बघा, पाच पांडव, कुंती आन् द्रौपदी," इंदुबाई हरखून म्हणाल्या. "देवानंच मापानं पाठवलेत."

त्यांनी गोटे हंडाभर पाण्यानं न्हाऊ घातले, नखानं खाचेतला चिखल काढला, चुन्यानं रंगवले. पाचांच्या डोक्याला लाल चिंधीचे फेटे बांधले. भीमाला मोठा. शेफालीनं काजळाची कांडी आणली होती, तिनं हौसेनं पाचांनाही मिशा काढल्या. ते काही रीतीत नव्हतं, पण इंदुबाईंनी नको म्हटलं नाही. मिशा छान दिसत होत्या.

मग नागोरावांनी मडकं खांद्यावर घेतलं आणि अडले. चौदा मजल्यांच्या खिडक्या त्यांच्याकडं बघत होत्या.

"आरोळी द्या की," इंदुबाई मागून म्हणाल्या.

"लोक काय मनतील?"

"काय मनायचं ते मनू द्या. रान उपाशी हाय."

नागोरावांनी डोळे मिटले आणि जन्मभर साठवलेला आवाज एकदम बाहेर काढला: "ओलगे ओलगे सालम पलगे!"

या शब्दांचा अर्थ लातुरात कुणाला विचारू नये. आरोळी कर्नाटकातून आली म्हणतात, आणि येताना अर्थ सीमेवरच ठेवून आली असावी. पण ती द्यायची असते, आणि ऐकणाऱ्यानं उलट द्यायची असते. इथं उलट कोण देणार, म्हणून इंदुबाईंनीच तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारच्या अर्धवट इमारतीच्या परांचीवरून, सातव्या मजल्यावरून, उत्तर आलं: "ओलगे ओलगे सालम पलगे!"

गिलावा करणारे पाच जण हातातल्या थाप्या उंचावून नाचत होते. निलंग्याचे निघाले. "मावशी, आंबील हाय का?" एकानं वरूनच ओरडून विचारलं. "हाय की रे लेकरा, या खाली!" इंदुबाईंनी ओरडून सांगितलं आणि पदरानं डोळे पुसले. बाराच्या आत तिथं तीस-पस्तीस माणसं झाली. गिलाव्याची माणसं, शेजारच्या सोसायटीचा उदगीरचा लिफ्टमन, आणि मागं उभे राहून 'मी फक्त पाहायला आलोय' म्हणत तिसऱ्यांदा भज्जी घेणारे सेक्रेटरी.

एकच्या सुमाराला तुळजाबाई आल्या. हिंदुरावांचा हात धरून, एक एक पाऊल टाकत. गर्दीनं वाट करून दिली. इंदुबाई कौतुकानं त्यांना खोपीकडं घेऊन गेल्या.

तुळजाबाईंनी पांडवांकडं पाहिलं. वाकून पाहिलं. भीमाच्या कमरेशी एक बाक होता, तिथं त्यांनी बोट लावलं. आणि त्यांचा आवाज असा चढला की परांचीवर राहिलेला एकटा माणूससुद्धा खाली बघू लागला.

"अगं ए बये! ह्या माझ्या आसरा हायेत!"

कुणाला काही कळेना. इंदुबाईंच्या हातातला वाडगा हातातच राहिला.

"साती आसरा! माझ्या सासूनं मुठंच्या पात्रातून डोक्यावर आणून विहिरीवर बसिवल्याल्या बाया. माझ्या बायांना फेटं? मिशा? तुला सांगितलं व्हतं ना, विहिरीकडं जायाचं न्हाय म्हणून!"

"न्हाई गेले मावशी, शपथ," इंदुबाई वाडगा खाली ठेवत म्हणाल्या. आता हे रानही गेलं, हे त्यांना स्पष्ट दिसलं. "हे... ह्या तर ढिगाऱ्यात होत्या. तिथं, विटांच्यात."

"ढिगाऱ्यात?"

तुळजाबाई वळल्या. ढिगाऱ्याकडं पाहिलं, विहिरीच्या उकरलेल्या काठाकडं पाहिलं, आणि मग सावकाश मुलाकडं. त्या दिवशी जेसीबीवर देखरेखीला हिंदुरावच उभे होते. आता ते स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांकडं फार बारकाईनं बघत होते.

"हा ढिगारा कधी उचलनार हाय?"

"उद्या... उद्या सकाळी डंपर येतोय, आई."

तुळजाबाई खाली बसल्या. गुडघे दुखत होते तरी बसल्या. एकीच्या गालावरून बोट फिरवलं. खाचा स्वच्छ होत्या, चुना अजून ओलसर होता, समोर खिरीचा द्रोण होता.

"दोन सालं ह्यांना न्हानं न्हवतं," त्या म्हणाल्या. आवाज एकदम लहान झाला होता. "रोज मनात यायचं, बाया कोरड्या बसल्यात. कुनाला सांगू? सुना हसत्यात."

आणि त्या रडल्या. तुळजाबाईंना रडताना धायरीत कुणी पाहिलं नव्हतं. इंदुबाई शेजारी टेकल्या आणि त्यांनाही रडू आलं, भीतीचं का सुटकेचं ते त्यांनाच कळलं नाही.

शेफालीनं हळूच विचारलं, "आजी, म्हणजे या फेअरीज आहेत का? पाण्यातल्या पऱ्या?"

"परी का काय ते मला म्हाईत न्हाय. सात बहिनी हायेत, पान्यात ऱ्हात्यात. अवसेला भर दुपारी न्हाऊन काठावर केस वाळवत बसत्यात. माझ्या सासूनं बघितल्यात."

"आणि तुम्ही?"

"मला दुपारची कामं असायची," तुळजाबाई म्हणाल्या, आणि डोळे पुसता पुसता स्वतःच हसल्या. मग त्यांची नजर पुन्हा भीमाच्या मिशांवर गेली आणि हसू काही आवरेना. त्या हसल्या तसे बाकीचेही सुटले. हिंदुराव तर सगळ्यांत मोठ्यानं, कारण त्यांचीच सर्वांत जास्त सुटका झाली होती.

फेटे उतरले, मिशा पुसल्या. हळद-कुंकू लागलं, सातींना सात हिरव्या बांगड्या आणायला शेफाली फाट्यावर पळाली. इंदुबाईंनी ढिगाऱ्यातून विटांचे पाच तुकडे निवडून घाईघाईनं पांडव बसवले. तुळजाबाईंनी आंबील तोंडाला लावली, नाक मुरडलं, "आंबट हाय," म्हणाल्या आणि पेला पुन्हा पुढं केला.

उठताना त्यांनी इंदुबाईंच्या खांद्याचा आधार घेतला.

"ऐक. पुढल्या साली तुझं पाच दगड तू घरनं घिऊन यायचं. माझ्या बायांना पुन्यांदा मिशा फुटल्या तर गाठ माझ्याशी हाय."

हिंदुरावांचा घास थांबला. "पुढल्या साली? आई, अगं, पुढल्या साली हितं आपलं पार्किंगचं—"

"पुढल्या साली हितं ज्वारी आसंल," तुळजाबाई म्हणाल्या. "तुला पाटी वाचता येत न्हाय का?"

हिंदुरावांनी आईकडं पाहिलं, मग उरलेली भज्जी मुकाट्यानं भाकरीला लावली. तुळजाबाई इंदुबाईंकडं वळल्या. "आन तू गं, येनार का न्हाय? तोंडानं सांग की."

इंदुबाईंनी तुळजाबाईंचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि नुसती मान हलवत राहिल्या, एकदा, दोनदा, कितीतरी वेळा.