पहिल्या भांड्यातलं पाणी

देवीवर माझी श्रद्धा होती, पण त्या वर्षी ती खरोखर उरली होती की नुसती सवय राहिली होती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. शिक्षण माझं चौथीपर्यंतचं, तेव्हा घडलं तसं लिहितो. जुन्या नाशकात आमची कल्हईची भट्टी होती. धाकटा भाऊ किसन भाता ओढायचा आणि मी तापलेल्या भांड्यात कथील फिरवायचो. घरोघरी स्टील आलं तसं काम आटत गेलं. त्यातच दोन हजार तीनचा सिंहस्थ आला आणि पंगतींसाठी पितळी पातेली भाड्यानं देणारा एक ठेकेदार टेम्पो भरून दारात उभा राहिला. त्याची अट एकच, कथलात निम्मं शिसं मिसळायचं. शिसं स्वस्त पडतं, चकाकीही तशीच दिसते. पण ते अन्नात उतरून पोटात जातं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं.

"बाबा, जेवणारा आज इथं, उद्या हरिद्वारला. कोण येतंय विचारायला?" ठेकेदार म्हणाला.

"मग तुम्हीच जेवा त्यात," मी म्हणालो.

आमच्या वडिलांची एक रीत होती. कुठल्याही कामाचं पहिलं भांडं झालं की त्यात पाणी भरायचं, ते कल्हई करणाऱ्यानं स्वतः प्यायचं आणि मगच पुढच्या भांड्याला हात घालायचा. शिशाच्या भांड्यातलं पाणी मी पिणार नव्हतो, म्हणून ते काम मी करणार नव्हतो. यात विचार करण्यासारखं मला काही दिसलं नाही. किसनला दिसलं. "दादा, तुझा ताठा तुला पोसतो, मला नाही," तो म्हणाला. "सगळे हेच करतात. हे काम गेलं तर मी सातपूरला वॉचमन म्हणून लागतो. मग ओढ भाता एकटाच." मी म्हणालो, "लाग." तो म्हणाला, "मग तू बाजूला हो, मी करतो." एका भट्टीवर उभा जन्म काढलेली आम्ही माणसं, पण दोन वाक्यांत वेगळे झालो. मी घरी देवीच्या गडावर जातो म्हणून सांगितलं, पिशवी उचलली आणि वणीची एसटी धरली.

खरं तर मी दर्शनाला गेलो नव्हतो, जाब विचारायला गेलो होतो. आईसमोर हात जोडले, पण मागितलं काही नाही. मनात एवढंच आलं, की तुला पटेल असं वागलो आणि भाऊ गेला, आता तुझं तू बघ. दुपारी एका छोट्या अन्नछत्रात पानावर बसलो. वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, "आमटी नका खाऊ बाबा, कळकली. पातेल्यांची कल्हई गेलीय, आणि इतक्या वर कल्हईवाला कोणी येत नाही." मी म्हणालो, मी कल्हईवालाच आहे. "मग जेवताय काय? उठा की," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. पण माझ्याजवळ ना कथील, ना नवसागर, ना भाता ओढायला माणूस. उद्या खाली जाऊन काही जमतं का बघतो, असं सांगून मी तिथंच मुक्काम केला.

सकाळी जीपच्या थांब्यावर आलो, तर वर आलेल्या जीपमधून किसन उतरला. खांद्यावर भाता, हातात कथलाची पिशवी. मला म्हणाला, "निरोप धाडलास म्हणून आलो. नाहीतर आलो नसतो."

"मी कुठं धाडला?"

"काल सकाळी एक म्हातारा आला होता. तुमचे दादा गडावर आहेत, कामाचं सामान घेऊन बोलावलंय, म्हणाला." मग खांद्यावरचा भाता खाली ठेवत बोलला, "पहिलं पातेलं झालं होतं. पाणी भरलं, तोंडाला लावलं, पण घोट घेता येईना. नुसता बसलो होतो, तेवढ्यात तो आला. ठेकेदाराची पातेली परत केली, त्यात दिवस गेला."

काल सकाळी मी एसटीत होतो. गडावर काम आहे हे तेव्हा मला स्वतःलाही माहीत नव्हतं. तो म्हातारा कोण, हे आम्ही पुढं बऱ्याच जणांना विचारलं, पत्ता लागला नाही. असेल कोणी ओळखीतला, अंदाजानं बोलला असेल. मी त्यावर वाद घालत नाही.

ठेकेदारानं ते काम दुसरीकडून करून घेतलं. आमची भट्टी पुढं काही वर्षांनी बंदच झाली, तेव्हा यातून माझी भरभराट झाली असं कोणी समजू नये. गडावरची पातेली मात्र आम्ही चोख करून दिली आणि पंगतीला शेजारी शेजारी बसलो. माफी कोणी मागितली नाही, आमच्या घरात तशी पद्धत नाही. किसननं माझ्या पानातली मिरची उचलून आपल्या पानात घेतली, मला तिखट सोसत नाही म्हणून. आईकडं मागायच्या कितीतरी गोष्टी माझ्या मनात होत्या, त्यात ही नव्हती. तेव्हापासून मी मागणं सोडलं. समोर जाऊन उभा राहतो, काय द्यायचं ते तिचं तिला कळतं.