राजूरची वाट, दंडवताच्या चालीनं

पुण्याच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, "आधी थोडं वजन उतरवून या, मग वजन उतरवायचं ऑपरेशन करू." हे ऐकून हसावं की त्यांच्या टेबलावर डोकं आपटावं, तेच मला कळेना. वजन असं सांगून उतरत असतं तर मी जालन्याहून एवढी लांब कशाला आले असते? गुडघे कुरकुरत होते, साखर वाढली होती, झोपेत श्वास अडकायचा. आमचे हे दचकून उठायचे आणि माझ्या नाकापुढं हात धरून बघायचे. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. लिव्हरमध्ये चरबी साठली आहे, छातीत दम नाही, अशा अंगाला भूल देणं जोखमीचं आहे. रोज चाला, श्वासाचे व्यायाम करा. "ऑपरेशन आम्ही करू. चालायचं मात्र तुम्हालाच आहे, आधीही आणि नंतर जन्मभर." यातलं 'जन्मभर' मी त्या दिवशी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग सुरू झालं चालणं. मोती तलावाकडं सकाळी लोक फिरायला येत, तिकडं मीही साडीखाली कापडी बूट घालून जाऊ लागले. त्या वर्षांत आमच्याकडं बाईमाणसानं बूट घालून रस्त्यानं झपझप चालणं म्हणजे लोकांना फुकटचा तमाशा. ओळखीचे गाडी थांबवून विचारायचे, "मॅडम, घरी सगळं बराबर आहे ना? सोडू का कुठं?" मला दम लागायचा, घाम फुटायचा आणि सगळ्यात जास्त राग यायचा. स्वभावच माझा उतावळा. आज पेरलं की उद्या उकरून बघणाऱ्यांतली मी. चार दिवस चालले की लगेच वजनकाट्यावर उभी, आणि काटा हलला नाही की दुसऱ्या दिवशी पांघरूण डोक्यावर. निमित्तांना काय तोटा! जालन्यात नळाला पाणी यायचा दिवस म्हणजे सणच. त्या सकाळी घर सोडायची कोणाची टाप? तो दिवस नसला तरी मी तो असल्यासारखी हंडे हलवत बसायची.

दवाखान्यातून श्वास ओढायचं एक प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं. नळीतून हवा ओढली की आतले रंगीत गोळे वर चढायचे. माझा एक गोळा चढायचा, बाकीचे खालीच. हे शेजारी बसून "अजून थोडं, अजून थोडं" म्हणायचे आणि मी त्यांच्यावरच खेकसायची. तरी रडतखडत का होईना, थोडं वजन उतरलं आणि ऑपरेशनची तारीख मिळाली.

देवाधर्माचं म्हणाल तर मी काही मोठी भाविक नव्हते. माहेर मंठ्याचं, तिथं आई चतुर्थी धरायची म्हणून मी धरायची, पुढं सवय म्हणून. पण ऑपरेशनच्या खोलीकडं नेताना छताचे दिवे डोक्यावरून एकेक करून मागं सरकू लागले आणि माझा सगळा धीर सुटला. तोंडातून निघून गेलं, "राजूरच्या गणपती, यातून उठव मला. अंगारकीला पायी येईन."

उठवलं त्यानं. त्याच संध्याकाळी सिस्टरनी मला कॉटवरून उतरवून वॉर्डात चालायला लावलं. पोट आता मुठीएवढं झालं होतं. दोन चमचे वरण, तेही चावून चावून. पाणी घटाघटा प्यायचं नाही, दिवसभर घोटघोट घ्यायचं. गोड तर दूरच. साखर एकदम पोटात गेली तर अंग उलटेल, असं बजावून सांगितलेलं. पहिले काही महिने वजन असं उतरलं की ब्लाउज शिवून थकले. मी तरातरा चालत होते, जिने चढत होते, ऑफिसात सगळ्यांना व्यायामावर प्रवचनं देत होते. आणि दिवाळीनंतर काटा थांबला.

थांबला म्हणजे जागचा हलेना. खाणं तेच, चालणं तेच. मी सकाळी बघायची, ऑफिसातून आल्यावर बघायची, कपडे बदलून बघायची. जीव नुसता खालीवर व्हायचा. एका जागी बसवेना, कुणाशी धड बोलवेना. लोक तर काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. एक म्हणाली, "फारच उतरल्या हो, शुगर जास्त आहे का?" दुसरी म्हणाली, "ऑपरेशननं कमी केलं, त्यात काय मेहनत?" ते मात्र वर्मी लागलं. हळूहळू सकाळचं चालणं सुटलं. एवढं पोट कापून घेऊन पुन्हा तीच मी होणार, पुन्हा रात्री ह्यांचा हात नाकापुढं येणार, ही भीती मनात बसली. पण भीतीनं पाय उचलतात असं थोडंच आहे? माझे तर आणखी जड झाले.

अशात वाटूरहून माझ्या जावेचा फोन आला. सगळं ऐकून ती म्हणाली, "अवं, नवस फेडला का तुमी? न्हाई ना? मंग त्याच्यानंच अडून राह्यलंय." शिकलेली बाई मी, पण हे पटायला एक मिनिट लागलं नाही. आमच्याकडं कुठलंही काम अडलं की आधी राहिलेला नवस आठवतो. डॉक्टर म्हणाले होते की मध्ये वजन थांबतं, घाबरायचं नसतं; ते विसरले आणि जावेचं धरून ठेवलं. पुढच्याच अंगारकीला राजूरला जायचं, कडक उपास धरायचा, पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, म्हणजे देव खूश आणि काटा मोकळा. ज्या अंगाला दिवसभर घोटघोट पाण्याची गरज, त्यालाच मी निर्जळी घडवायला निघाले.

पहाटेच आमच्या ऑफिसातल्या दोघीजणी आणि मी निघालो. अंगारकीला जालन्याहून राजूरचा रस्ता माणसांनी भरून जातो. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, कपाशीची वेचणी चालली होती. सुरुवातीला मी सगळ्यांच्या पुढं. ऊन चढलं तशी जीभ टाळूला चिकटली. मैत्रिणींना म्हटलं, तुम्ही व्हा पुढं. राजूर जवळ आलं तेव्हा रस्त्याकडेला मांडव टाकून काही लोक चालणाऱ्यांना चहा आणि राजगिऱ्याचे लाडू देत होते. "घ्या ताई, देवाच्या वाटेवरचं आहे, न्हाई म्हणायचं न्हाई," असं म्हणत एकानं लाडू हातावर ठेवलाच. नाही कसं म्हणणार? रिकाम्या पोटी तो अख्खा लाडू खाल्ला, वर पाकासारखा गोड चहा एका दमात प्यायले.

थोडं पुढं गेले आणि छाती धडधडू लागली. दरदरून घाम, हातपाय लटपटायला लागले, डोळ्यांपुढं अंधारी. एका कडुलिंबाच्या बुडाशी बसले, सगळं उलटून पडलं. मोबाईल काढला, ह्यांना स्कूटर घेऊन यायला सांगायचं ठरवलं. मनात म्हटलं, संपलं. नवसही नाही, चालणंही नाही. उद्यापासून या अंगाचं काय व्हायचं ते होऊ दे. देवाचाही मनापासून राग आला. एवढी आले, आता आणखी काय हवं होतं त्याला?

"अगं ए बाई, रिकामी हायस का तू?"

वर बघितलं तर रस्त्यात एक म्हातारी उभी. बुटकी, अंगानं चांगली भरलेली, लुगडं ओलंचिंब आणि मातीनं माखलेलं, हातात नारळ, पायाशी पाण्याचा कॅन. ती शेवटच्या फाट्यापासून दंडवत घालत निघाली होती. रस्त्यावर पालथं पडायचं, हात लांब करायचे, हात पोचतील तिथं नारळ ठेवायचा, उठून नारळापर्यंत जायचं आणि पुन्हा तिथून पालथं पडायचं.

"जाऊ आल्ती माझ्यासंगं पाणी टाकायला. पायात गोळे आले तिच्या, जीपमधी बसवून दिली. आता म्होरं पाणी टाकायला कोणी न्हाई. ऊठ, तो कॅन घे."

"मावशी, मला चालवत नाही. पोटाचं ऑपरेशन झालंय माझं. मी घरी निघालेय."

"मंग मला कुठं चालवून राह्यलंय? मी बी पडत-पडतच चालले. अन् बाकीचे सगळे पळून राह्यलेत. बसलेली तू एकलीच दिसली."

सुरू केलेला दंडवत मध्ये तुटू नये आणि दंडवत घालणाऱ्याला नाही म्हणू नये, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. मी मोबाईल पिशवीत टाकला आणि झाडाला धरून उठले. कॅन उचलला आणि तिच्यापुढं रस्त्यावर पाणी शिंपडलं. ती पडली, उठली. मी चार पावलं पुढं झाले, पुन्हा शिंपडलं, पुन्हा थांबले. ती पडून उठेपर्यंत मला काही कामच नसायचं. तेवढ्यात माझा श्वास जागेवर यायचा. घसा कोरडा पडला की कॅनमधलं पाणी ओंजळीत घेऊन एखादा घोट प्यायचे. निर्जळी तर चहानंच मोडली होती, आता तिची आठवणही राहिली नाही. पाणी संपलं की मांडवावरून भरून आणायचं, मागून गाडी आली की हात आडवा करून थांबवायची. दुपार कलली तेव्हा लक्षात आलं की छातीची धडधड केव्हाच थांबली आहे.

मावशीचं तोंड मात्र एकसारखं चालू. नातू उशिरापर्यंत बोलत नव्हता, आता बोलतोय, म्हणून हे दंडवत. "आता इतका बोलून राह्यलाय की गप कर म्हणायसाठी दुसरा नवस करावा लागंल." लोक येऊन तिच्या पाया पडत, तर ती मला दाखवून म्हणायची, "हिच्या बी पडा, अर्धं पुन्य हिचं हाय." उंच माणसाला दंडवत कमी घालावे लागतात, आपण बुटके म्हणून देवानं आपल्याला फसवलं, ही तिची तक्रार. मीही मग माझं रडगाणं सांगितलं. काटा अडलाय, एवढं करूनही हलत नाही.

तिनं पडल्या जागेवरूनच मान वळवली. "अडू दे की मंग. औताचा बैल बी वावरातल्या तासाच्या टोकाला वळायला थांबतोच. लगेच काय त्याला बाजार दाखवायचा?" आणि नारळ पुढं ठेवून उठली.

मंदिराच्या पायऱ्या दिसू लागल्या तेव्हा दिवस मावळतीला आला होता. पहिल्या पायरीअलीकडं ती थांबली, कंबरेवर हात ठेवले. "आता शेवटचा तू घाल."

"मी? मावशी, माझं पोट…"

"दुखून राह्यलं का?"

दुखत नव्हतं. दुखायचं थांबून कितीतरी महिने झाले होते. पण कित्येक वर्षांत मी जमिनीवर पालथी पडले नव्हते. आधी पोटच आड यायचं, नंतर टाक्यांची भीती. चारचौघांत या अंगानं रस्त्यावर पडायचं, या विचारानं कान गरम झाले. मावशीनं माझ्या हातात नारळ दिला आणि कॅन माझ्याकडून काढून घेतला. तिनं पाणी शिंपडलं. मी गुडघे टेकले, हात टेकले आणि पडले. ओल्या डांबराचा वास नाकात शिरला. ज्या पोटाचा मी जन्मभर राग केला, जे लपवलं, कापून घेतलं, ते जमिनीला टेकलं होतं आणि त्याखाली जमीन अजून उन्हानं कोमट होती. मला रडू फुटलं. किती वेळ तशी पडून होते कोण जाणे. मग मावशीचा आवाज आला, "ऊठ बाई, मागचे खोळंबलेत." हात टेकले आणि उठले. कुणीही हात दिला नव्हता.

मावशीची माणसं पायऱ्यांवर वाट बघत होती. तिनं नारळ घेतला, माझ्या गालावरून मातीचा हात फिरवला आणि त्यांच्यात मिसळून गेली. नाव विचारायचं राहून गेलं. ती कोण होती, तिला त्याच झाडापाशी कोणी अडवलं, याचा काथ्याकूट मी कधी केला नाही. ती माझ्या मदतीला आली नव्हतीच. तिला मदत हवी होती, आणि ती करता करता माझे पाय चालत राहिले. आजवर एवढी माणसं मला 'कर, कर' म्हणाली, डॉक्टर, हे, ऑफिसातल्या बायका. त्या सगळ्यांचं मी ऋण मानते. पण 'तुझ्यावाचून माझं अडलंय' असं त्या दिवशी एकटी तीच म्हणाली. देवावर भार टाकायचा म्हणजे हातपाय गाळून बसायचं, असं मला वाटायचं. ती तर पावलागणिक सगळं अंग त्याच्यावर टाकत होती आणि पावलागणिक आपलं आपण उठत होती. मधे पुष्कळ वर्षं गेली. वजन कधी उतरलं, कधी थोडं चढलं. उतावळेपण गेलं नाही, ते माझ्यासोबतच सरणावर जाईल. पण अंगावर रुसून घरी बसणं तेवढं सुटलं.

हे सगळं नंतर उमगलं. त्या संध्याकाळी रांगेतून सरकत मी गणपतीपुढं उभी राहिले ती मातीनं भरलेली, केस विस्कटलेली, हातात साधं फूलसुद्धा नाही. मागच्या बाया ढकलत होत्या, पुजारी "चला, चला" करत होते. नवस फेडला, आता काटा सोड, एवढं बोलायचं म्हणून एवढ्या लांब आले होते. हात जोडले, तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "बाप्पा, उद्या सकाळी पुन्हा चालायला निघते. सोबत ये."