गोणपाट सुकण्याआधी

नोकरीत खुनाचे तपासही केले, पण गप्पांत कुणी जुना किस्सा विचारला की माझ्या तोंडी हटकून येते ती एका मधपेटीची चोरी. तिच्यात ना हत्यार होतं, ना फरार आरोपी, तरी तिच्याएवढा मला कुठल्याच तपासाने घाम फोडला नाही.

धामापूरच्या बाजूचं एक गाव माझ्या हद्दीत होतं. सकाळची हजेरी चालू असताना तिथली एक बाई धापा टाकत ठाण्यात आली. नवरा मुंबईला नोकरीला, ही घरी एकटी. परसात मधमाश्यांची एकच पेटी. झाडाच्या ढोलीतली वसाहत तिने स्वतः धरून पेटीत बसवली होती आणि लेकरासारखी सांभाळली होती. मध काढायला आला होता, आणि सकाळी उठून बघते तर पेटीच जाग्यावर नाही. मी समजूत घालायला गेलो की मध काय, पुढच्या वर्षी परत होईल. त्यावर तिचे डोळे भरून आले.

"मध जांव दे, साहेब. पण तोंड बंद करून नेली आसतली. उनात ऱ्हवली तर माशयो गुदमरान मरतल्यो."

स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि हवालदाराला घेऊन पंचनाम्याला निघालो. वाटेत मासे विकणारीने जीप थांबवली. नाव कुठे येऊ देऊ नका, असं तीनतीनदा बजावून तिने खबर दिली. बाईचा चुलत दीर तिला उजाडताना दिसला होता, डोक्यावर गोणपाटात गुंडाळलेली पेटीएवढी वस्तू घेऊन. झालं! दोन्ही घरांच्या मध्ये गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि तो गडगा कोणाच्या जागेत यावरून दोन घरांत वर्षानुवर्षं अबोला. भावकीतलं वैर म्हणजे हेतू आयताच हातात आला. दिराला उचलून ठाण्यात आणलं.

मी विचारायला सुरुवात केली. चोरी केलीस का, तर नाही. पेटी नेलीस का, तर खाली मान. दरडावून पाहिलं, चहा पाजून पाहिलं. कोकणी माणूस एकदा हट्टाला पेटला की सरकारचंही चालत नाही. पण एक गोष्ट मला खटकत होती. चोर दाराकडे बघतो, पोलिसाच्या हाताकडे बघतो. हा सारखा खिडकीबाहेरचं ऊन बघत होता. त्याच्या हातांना औषधाचा उग्र वासही येत होता.

मी आवाज खाली आणला. "तुझी वहिनी मधासाठी रडत नाहीय. माश्या मरतील म्हणून रडतेय."

तो ताडकन उठला. "साहेब, गोणपाट सुकला आसतला! पाणी मारूक होया!"

मग सगळं भडाभडा बाहेर आलं. त्याच्या काजूच्या मोहोरावर कीड पडली होती आणि त्या दिवशी फवारणी करायलाच हवी होती. वाऱ्याने औषध गडग्यापलीकडे गेलं असतं तर माश्या मेल्या असत्या. वहिनीला एक हाक मारली असती तर काम भागलं असतं. पण हाक मारायची कशी, अबोला होता ना! म्हणून माश्या बाहेर पडायच्या आत त्याने पेटीचं तोंड जाळीने बंद केलं आणि ओलं गोणपाट घालून ती फवारणीपासून दूर, आपल्या गोठ्याच्या सावलीत ठेवली. अंधार पडला की गुपचूप परत ठेवणार होता.

दिराला आणि बाईला सोबत घेऊन जीप अशी काही हाणली की हवालदार देवाचं नाव घेऊ लागला. गोणपाट खरंच कोरडं ठाक पडलं होतं. दिराने कळशी उपडी केली. बाईने पेटीला कान लावला. हळूच ती हसली. आत गुणगुण चालू होती.

"साहेब, तिका सांगा, औषद वाळल्याबिगर तोंड उघडू नको."

"त्यांका सांगा, माका समाजता."

दोघांत हातभर अंतर, आणि निरोप्या मी, वर्दीतला. बाईने तक्रार नाही म्हणून लिहून दिलं आणि मी पोटभर हसलो.

तेव्हापासून संशयिताला पहिल्यांदा विचारायचो, तुला घाई कसली आहे? या एका प्रश्नाने पुढे माझी बरीच कामं सोपी केली.

पुढच्या वर्षी काजू मोहोरल्यावर त्याच वाटेने जात होतो. गडग्याजवळून आवाज आला म्हणून जीप थांबवली.

"वयनी, फाल्यां सकाळी औषद मारतंय. पेटी झाक गो."

गडग्यावर मधाची एक बाटली ठेवलेली होती, दिराच्या बाजूला.